दार का उघडत नाही?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की जुनी मित्रमंडळी एका जागी कोंडली गेली की रहस्यकथेचं निम्मं काम झालेलं असतं. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवले आहेत. माझं आयुष्य नाटकाच्या नेपथ्यात गेलं. त्यामुळे गोष्ट ऐकली की मला आधी दारं-खिडक्या दिसतात, आणि उत्तरंही त्याच बाजूने येणार. रहस्यपटांचे आणि कादंबऱ्यांचे शेवट इथे कुठेही फोडलेले नाहीत, निर्धास्तपणे वाचा.

*ताई, नमस्कार. मी सांगलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजसाठी एकांकिका लिहितोय. पाच मित्र पावसाळ्यात ताम्हिणीजवळच्या फार्महाऊसवर जातात, रस्त्यावर दरड कोसळते, लाइट जाते आणि त्यांच्यातला एक जण मरतो. पहिल्या वाचनाला सगळ्यांनी एकच विचारलं, "हे लोक फोन का नाही करत?" मी "रेंज नाही" असं वाक्य घातलंय. ते कुणालाच पटत नाही. काय करू?*

रेंज नसणं खोटं नाही. मुळशी मागे टाकून ताम्हिणीकडे वळलं की कित्येक ठिकाणी फोन मुका होतो, हे पावसाळ्यात त्या बाजूला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. तरी तुझ्या मित्रांना ते पटलं नाही, कारण त्यांना त्यात तुझी सोय दिसली. दरड, लाइट आणि रेंज या तिन्ही गोष्टी एकाच रात्री एकाच घरावर आल्या की ती पाचही मुलं बिचारी वाटायला लागतात, आणि बिचाऱ्या माणसांचा संशय येत नाही. तुला तर प्रेक्षकाने प्रत्येकाचा संशय घ्यायला हवा आहे.

'लॉफ्ट' हा २००८ सालचा बेल्जियमचा सिनेमा मिळवून बघ. दिग्दर्शक एरिक व्हान लोय. पाच विवाहित मित्र बायकांना न सांगता शहरातली एक जागा मिळून वापरत असतात. किल्ल्या पाचच, प्रत्येकाकडे एक. एके सकाळी तिथल्या पलंगावर एका तरुणीचं प्रेत सापडतं आणि दार फोडल्याची कुठे खूण नसते. आता बघ, त्यांना कुणी कोंडलेलं नाही. दार उघडतं, बाहेर अख्खं शहर जागं आहे, फोन करायला कुणाची आडकाठी नाही. तरी पोलिसांना बोलवायचं म्हटलं की पाचही जण कचरतात, कारण पोलीस आले की घरी काय कळणार हे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ते तिथेच थांबतात आणि एकमेकांच्या किल्ल्यांचा हिशेब मांडायला लागतात. "फोन का नाही करत?" या प्रश्नाला इतकं चोख उत्तर मी दुसरीकडे क्वचित पाहिलंय.

आपल्याकडे हे काम विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्येच करून ठेवलं आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे'ला कुणी रहस्यनाट्य म्हणत नाही. पण बंद जागेत ओळखीची माणसं कशी फिरतात हे शिकायचं असेल, तर मी आधी तेच नाटक हातात देते. मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात. प्रयोगाला वेळ आहे, म्हणून गंमत म्हणून एक खटला मांडतात आणि आपल्यातल्याच लीला बेणारेला आरोपी करतात. सुखात्मे, काशीकर पती-पत्नी, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, सगळे तिला ओळखणारे. नाटकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीने बेणारेच्या बोटाला लागतं, आणि ही कडी कशी दगा देते, माणूस आत कसा अडकून पडतो, ते गावातला सामंत सांगतो. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. पुढे गंमत तिच्या जिवावर उठते, ती पर्स घेऊन निघते, आणि दार उघडत नाही.

कडी सुरुवातीला दाखवून ठेवली होती, ही हुशारी आहेच. मला जास्त मोलाचा वाटतो तो क्रम. आधी कुणालाच जायचं नसतं. दार उघडं असतं, तेव्हा सगळे हौसेने बसलेले असतात. जायची वेळ येते तेव्हा ते बंद असतं. तुझी दरड पहिल्या पाच मिनिटांत कोसळते. ती उचल आणि एकांकिकेच्या मध्यावर ठेव. मित्र मेला तेव्हा रस्ता मोकळा असू दे, गाडी दारात उभी असू दे, एका कोपऱ्यात उभं राहिलं की फोनला दोन दांड्या मिळू देत. आणि तरीही चौघांपैकी एकही जण किल्ली उचलत नाही. का? गाडी कोण चालवत होतं, किती प्यायला होता, फार्महाऊस कुणाच्या काकांचं, मेलेल्या मित्राचे पैसे कुणी वापरले होते, त्याला शेवटचा मेसेज कुणी पाठवला होता. या पाचांत तुझी एकांकिका आहे. चौघांपैकी एकाचा धीर सुटून तो गाडीकडे पळतो, तेव्हा दरड कोसळू दे. त्या क्षणी तुझ्या मित्रांना ती पटेल, कारण तोवर त्यांनीच मनात ओरडून सांगितलेलं असेल, "अरे, निघा आता!"

फोनशी भांडू नकोस, त्याला पात्र कर. २०१६ च्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'मध्ये पाओलो जेनोवेझे या इटालियन दिग्दर्शकाने सात मित्रांना एका जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि सगळ्यांचे फोन मधोमध ठेवायला लावले. येणारा प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचायचा, प्रत्येक कॉल स्पीकरवर घ्यायचा. एवढाच खेळ. प्रेत नाही, कुलूप नाही, आणि त्या घरातून कुणालाही उठता येत नाही. या सिनेमाच्या इतक्या भाषांत आवृत्त्या निघाल्या, की सर्वांत जास्त वेळा पुन्हा बनवला गेलेला सिनेमा म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली.

आता दाराबद्दल, कारण तिथे मला राहवत नाही. कॉलेजच्या एकांकिकांत दार म्हणजे बहुधा काळ्या विंगांमधली फट असते आणि पात्र हवेत कडी काढतं. एरवी चालेल, या प्रकारात चालणार नाही. खरं दार उभं करा. पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात मिळतात. मागून दोन तिरके टेकू द्या आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या टाका, नाहीतर दार आपटलं की अख्खी भिंत हलते आणि सभागृहात हशा पिकतो. कडी लोखंडी हवी, आवाज करणारी. आणि दार तालमीच्या पहिल्या दिवसापासून वापरा. नट दाराला सरावला की त्याचा हात अंधारातही कडीवर बरोबर जातो, आणि मग ज्या दिवशी ती निघत नाही, त्या दिवशी त्याच्या खांद्यात जो ताण येतो तो कुठल्याही दिग्दर्शकाला सांगून आणता येत नाही.

लिहून झालं की मला वाचायला पाठव. दरड कुठे ठेवलीस ते मला बघायचं आहे.

*ताई, मी कल्याणची. लोकलमध्ये उभ्याने रहस्यकथा वाचते. बेटावर अडकलेली परकी माणसं आणि बंगल्यात अडकलेले मित्र, या दोन्ही गोष्टींत एकेक जण मरतोच. मग फरक काय?*

माहिती कुणाकडे आहे, इथे फरक आहे.

अगाथा ख्रिस्तीच्या 'अँड देन देअर वेअर नन' या १९३९ च्या कादंबरीत दहा माणसं बेटावर येतात. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. म्हणून प्रत्येकाचा गुन्हा जाहीर करायला तिला ग्रामोफोनची तबकडी लावावी लागते. एक आवाज येतो आणि दहाही जणांची पापं वाचून दाखवतो. आपल्या 'गुमनाम'ने १९६५ मध्ये हाच धागा उचलला. बेटावरचा बंगला, एकमेकांना न ओळखणारे प्रवासी, आणि बटलर म्हणून मेहमूद. अशा गोष्टीत वाचक आणि पात्रं बरोबरीने अंधारात असतात.

मित्रांच्या गोष्टीत तबकडीची गरजच नाही. खोलीतल्या सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त वाचकाला नसतं. चार वर्षांपूर्वी त्या सहलीत काय झालं, कुणाचं लग्न कुणामुळे मोडलं, कुणी कुणाचा प्रबंध उतरवला, यातलं एकही ते मोठ्याने बोलणार नाहीत, कारण ते न बोलण्यावरच त्यांचा ग्रुप टिकलेला असतो. लेखकाची खरी परीक्षा इथे होते. नवखा लेखक एका मित्राकडून दुसऱ्याला सांगवतो, "आठवतंय ना, चार वर्षांपूर्वी आपण दिवेआगरला गेलो होतो..." असं कुणी बोलत नाही. जाणता लेखक तेच एका खुर्चीवरून दाखवतो. सहा जण जेवायला बसतात, सातवी खुर्ची भिंतीला लावलेली असते आणि तिच्यावर कुणी बॅगही ठेवत नाही.

तुम्ही पुस्तकं वाचता म्हणून एक नाव देते. युकितो आयात्सुजी या जपानी लेखकाची 'द डेकागॉन हाऊस मर्डर्स' ही १९८७ ची कादंबरी इंग्रजीत मिळते. विद्यापीठातल्या रहस्यकथा मंडळाची मुलं एका ओसाड बेटावर दहा कोनांच्या घरात मुक्कामाला जातात. आपापसात त्यांनी पाश्चात्त्य रहस्यकथाकारांची टोपणनावं घेतलेली आहेत. मंडळातल्या एका मैत्रिणीचा मृत्यू मागे पडलेला आहे. ख्रिस्ती वाचलेली ही मुलं ख्रिस्तीच्याच सापळ्यात जातात, आणि तरी वाचणाऱ्याला शेवटपर्यंत नवं मिळत राहतं. बसायला जागा मिळाली तरच वाचा. उभ्याने वाचताना स्टेशन चुकेल.

*स.न.वि.वि. मी साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. नातवंडांबरोबर असले तीन-चार चित्रपट पाहिले. सगळीकडे तेच. चार जिवलग मित्र, संकट आलं की एकमेकांचे गळे धरतात. मुलांच्या मनात मैत्रीबद्दल विष कालवण्यापलीकडे यातून काय साधतं? आपण या प्रकाराचं कौतुक करता याचं वाईट वाटलं.*

सर, सादर नमस्कार. आपलं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातली कळकळ मला पोहोचली. बहुतेक सिनेमांबद्दल आपण म्हणता ते खरं आहे. दुष्टपणा लिहायला सोपा असतो. चार माणसं कोंडायची, एकाच्या हातात सुरी द्यायची, दिवे घालवायचे. पुढची वीस मिनिटं आरडाओरड्यात निघून जातात. अशा सिनेमांची बाजू मी घेणार नाही.

पण या प्रकाराची दुसरी शाखाही आहे आणि ती मला जास्त प्रिय आहे. २०२४ मध्ये चिदंबरम या दिग्दर्शकाचा 'मंजुम्मल बॉइज' हा मल्याळम सिनेमा आला. तो नातवंडांबरोबर बघा. कोचीजवळच्या मंजुम्मल गावातली मित्रांची टोळी २००६ मध्ये कोडाईकनालला फिरायला गेली होती, त्या खऱ्या घटनेवर तो आहे. तिथल्या गुहांना पूर्वी डेव्हिल्स किचन म्हणत. कमल हासनच्या १९९१ च्या 'गुणा'चं चित्रीकरण तिथे झालं आणि लोक त्यांना गुणा गुहा म्हणायला लागले. मनाई असलेल्या भागात ही मुलं शिरली आणि त्यांच्यातला एक जण खडकातल्या खोल विवरात पडला. याआधी तिथे पडलेला कुणी परत आलेला नाही, असं स्थानिक माणसं सांगतात. पोलीस आधी मुलांवरच संशय घेतात. शेवटी कमरेला दोर बांधून त्या काळोखात उतरतो तो त्यांच्यातलाच एक मित्र.

सिनेमाच्या सुरुवातीला या मुलांची रस्सीखेच दाखवली आहे. बघताना वाटतं, गावाकडची मजा चालली आहे. वर उभी असलेली हीच पोरं पुढे तोच जोर लावून दोर ओढतात, तेव्हा सुरुवातीची ती रस्सीखेच कशासाठी होती ते कळतं. संशय आहे, धाकधूक आहे, मुलं एकमेकांवर ओरडतात, रडतात, "तूच त्याला तिकडे नेलंस" म्हणतात. आपल्याला खटकणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. आणि दोर कुणीही सोडत नाही.

सर, आपण साताऱ्याचे. आपल्या घाटात, गडांवर दर पावसाळ्यात कुणी ना कुणी अडकतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव गटांची माणसं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. दरीत उतरलेल्या माणसाचा जीव वरच्याच्या मुठीत असतो, हे नातवंडांना सांगायचं असेल तर माझ्या मते या सिनेमाइतकं चांगलं निमित्त दुसरं नाही.

आणि गळे धरणाऱ्या मित्रांच्या गोष्टींनाही मी पूर्ण टाकून देणार नाही. वर्गात एखादं मूल वर्षानुवर्षं टोळीचा त्रास सोसतं आणि घरी सांगत नाही, हे शिक्षक म्हणून आपण पाहिलं असेल. तेंडुलकरांच्या बेणारेचं तेच होतं. माणसं तिला घेरतात तेव्हा ती सगळी हसत असतात, खेळ चाललेला असतो. मैत्रीच्या नावाखाली चाललेला छळ ओळखता येणं हेही मुलांना यायला हवं, आणि ते मी कुठल्याही व्याख्यानापेक्षा अशा गोष्टींतून जास्त शिकलेलं पाहिलंय. आपण सहमत व्हावं असा आग्रह नाही. सिनेमा पाहिल्यावर मात्र जरूर लिहा.

*ठाण्याहून एक मावशी लिहितात: भाचा लंडनला 'द माऊसट्रॅप' बघून आला. खुनी कोण ते सांगतच नाही. तुम्ही तरी सांगा.*

नाही सांगणार, मावशी. भाचा शब्द पाळतोय. प्रयोग संपला की प्रेक्षकांना हात जोडून सांगतात, की शेवट बाहेर बोलू नका. ही तिथली जुनी प्रथा आहे. १९५२ मध्ये लंडनला सुरू झालेलं हे नाटक २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने थांबवलं आणि २०२१ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. बर्फाने रस्ते बंद झालेलं एक गेस्टहाऊस आणि आत अडकलेली माणसं, एवढं सांगते. भाच्याला रागावू नका.

*नमस्कार ताई. मी नागपूरची. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने मित्राच्या घरी गुहेत अडकलेल्या मैत्रिणींचा एक इंग्रजी सिनेमा पाहिला. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये एकटा जात नाही, सात मजले चढून येतो. ओरडू की दुर्लक्ष करू?*

दोन्ही नको. वर्णनावरून तो २००५ चा 'द डिसेंट' असावा. नील मार्शलचा तो सिनेमा इंग्लंडमध्ये अठरा वर्षांवरच्यांसाठीच प्रमाणित झाला होता. चौदाव्या वर्षी तो अंगावर येणं साहजिक आहे. भित्रा म्हणून त्याला चिडवू नका आणि भावंडांनाही चिडवू देऊ नका.

मी माझ्या धंद्यातला उपाय सांगते. ती गुहा खोटी आहे. खऱ्या गुहेत चित्रीकरण धोक्याचं आणि वेळखाऊ झालं असतं, म्हणून लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत गुहेचे भाग बांधले. तेच तुकडे वेगवेगळ्या बाजूंनी आणि वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा वापरले. हे त्याला सांगा, आणि सिनेमा कसा बनतो याची चित्रफीत दिवसाउजेडी त्याच्याबरोबर बसून बघा. जमलं तर गावातल्या एखाद्या नाट्यगृहात प्रयोगाआधी सेट लावताना त्याला न्या. तुमच्याकडे सायंटिफिक सभागृह आहे, वसंतराव देशपांडे सभागृह आहे. भिंतीमागची लाकडी चौकट आणि खिळे मुलांनी एकदा हात लावून बघितले की पडद्यावरच्या भिंतीची जरब पुष्कळ उतरते. लिफ्टमध्ये काही दिवस तुम्ही बरोबर जा, आधी एक मजला, मग दोन. महिनाभरात फरक पडला नाही, झोप उडाली किंवा शाळेतही बंद वर्गात बसवेना, तर समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका. मग ते काम नेपथ्यकाराचं नाही.

*ताई, आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे मित्र. सगळे आता बंगळूरला आयटीत. एकाचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, एक बरा कॅमेरा आहे, पैसे जवळपास नाहीत. त्याच फ्लॅटमध्ये तासाभराचा मराठी सस्पेन्स सिनेमा करायचं ठरवलंय. सहा मित्र, एक रात्र, बाहेर जाता येत नाही. सुरुवात कुठून करू?*

घरापासून. कथेआधी फ्लॅटचा नकाशा काढा, चौकटीच्या कागदावर, मापं घेऊन. दार कुठे उघडतं, आत की बाहेर. संडास कुठे, त्यात गेलेल्याला हॉलमधलं बोलणं ऐकू येतं का. स्वयंपाकघरातून मुख्य दार दिसतं का. बाल्कनीत उभा असलेला माणूस आतल्या कुणाला दिसत नाही अशी जागा आहे का. कोण कुठे होतं आणि त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, यावरच सगळा संशय उभा राहतो. घर तुम्हाला आधीच ठाऊक आहे, हा तुमचा मोठा फायदा आहे; स्टुडिओत सेट लावणाऱ्याला तो कधी मिळत नाही.

मग जेम्स वॉर्ड बर्किटचा 'कोहेरन्स' बघा, २०१३ चा. आठ मित्र जेवायला जमतात, आकाशातून धूमकेतू चाललेला असतो, लाइट जाते. दिग्दर्शकाने तो स्वतःच्याच घरात पाच रात्रींत चित्रित केला, पन्नासएक हजार डॉलरांत. नटांना पूर्ण संहिता दिली नव्हती. रोज प्रत्येकाला फक्त त्याच्यापुरती चिठ्ठी मिळे. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे हे माहीत नसे. तुम्ही सहा जण एकमेकांना इतके ओळखता, की पाठ केलेलं वाक्य एकमेकांसमोर बोलताना हसू येईल. चिठ्ठ्यांचा प्रयोग करून बघा. शेवट मात्र एकाच्याच डोक्यात पक्का असू द्या आणि त्याने तो लिहून कुलपात ठेवावा. नाहीतर तिसऱ्या रात्री प्रत्येक जण आपल्या पात्राला निर्दोष सोडवायला निघतो.

एकाच खोलीत तासभर बघणाऱ्याला कंटाळा कसा येऊ द्यायचा नाही, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर सिडनी ल्युमेटने १९५७ च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये दिलं आहे. आपल्याकडे बासू चटर्जींनी त्याचाच 'एक रुका हुआ फैसला' केला. बारा ज्यूरी, एक खोली, उकाडा. ल्युमेटने कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मधल्या भागात पातळीवर आणला आणि शेवटच्या भागात पातळीच्या खाली नेला. लेन्सही हळूहळू बदलत नेली, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन चिकटल्यासारखी दिसायला लागली. शेवटाकडे छतसुद्धा दिसतं. खोली तेवढीच आहे, बघणाऱ्याला मात्र ती आवळत आणल्यासारखी वाटते. सगळे बाहेर पडतात तेव्हा तो पुन्हा रुंद लेन्स लावतो आणि आपण मोकळा श्वास घेतो. यात पैसे लागत नाहीत, आधी ठरवणं लागतं. कथेचे तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागात कॅमेरा कुठल्या उंचीला राहील हे भिंतीवर लिहून चिकटवा.

खिडकीकडे दुर्लक्ष करू नका. हिचकॉकच्या १९४८ च्या 'रोप'मध्ये दोन मित्र आपल्याच एका वर्गमित्राला मारतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांना जेवण वाढतात. खुनी कोण हे पहिल्याच मिनिटाला माहीत असतं. जीव टांगणीला लागतो तो पेटी कोण उघडेल यावर. त्या काळी कॅमेऱ्यात एका वेळी दहा मिनिटांचीच फिल्म मावायची, म्हणून लांबलचक दृश्यं जोडून सिनेमा केला आणि कॅमेऱ्याला वाट द्यायला भिंती सरकवल्या जायच्या. मला भुरळ पडते ती मागच्या खिडकीची. बाहेर न्यूयॉर्कचा देखावा उभा केला होता, काचतंतूंचे ढग लटकवले होते आणि दृश्यागणिक ते सरकवत होते. संध्याकाळ होते, दिवे लागतात, शेवटी निऑनच्या पाटीचा रंगीत उजेड खोलीत येतो. वेळ सरतेय हे कुणी बोलून दाखवत नाही. तुमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत असेल. तिथले दिवे रात्री किती वाजता विझायला लागतात ते चार दिवस बघून टिपून ठेवा आणि चित्रीकरणाचा क्रम त्याला जुळवा. फुकटची प्रकाशयोजना आहे.

आता आवाज. फ्रिज बंद करा. त्याची घरघर कानाला जाणवत नाही, ध्वनिमुद्रणात मात्र प्रत्येक शांततेत शिरून बसते. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी जाताना फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. पंखाही बंदच ठेवावा लागेल. सहा माणसं, दिवे आणि बंद खिडक्या म्हणजे घाम येणार; तो पुसू नका, कथेच्या कामाला येतो, पण मागच्या-पुढच्या दृश्यात सारखा दिसायला हवा, म्हणून पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रात्री दोन वाजता किंकाळी ऐकून कुणी पोलिसांना बोलावलं तर त्यांची चूक नाही.

राहिलं एक. तुम्ही खरोखरचे मित्र आहात, म्हणून सहा जणांनी आधी बसून ठरवा, की आपल्यात खरं घडलेलं काय कथेत घ्यायचं नाही. कुणाचा घटस्फोट, कुणाचं आजारपण, कुणाची उधारी. कॅमेऱ्यासमोर खरा राग निघाला तर दृश्य रंगेल, पण सोमवारी तुम्हाला एकाच कॅबने ऑफिसला जायचं आहे. ती यादी लिहा, त्यावर सहाही जणांनी सह्या करा, आणि मग कथेला बसा. नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत मला पाठवा; दार कुठल्या बाजूने अडवायचं ते मी खूण करून परत पाठवते.